अंग बाहेर येणे : शस्त्रक्रिया नेमकी कशाची?

स्त्रीच्या ओटीपोटाची आकृती डोळ्यांसमोर आणा. पुढे मूत्राशय, मागे गुदाशय आणि मधे गर्भाशय. या तिन्हींना खालून स्नायूंचा पडदा तोलून धरतो, तर गर्भाशयाला वरून बळकट अस्थिबंध. बाळंतपणात हे आधार ताणले गेले, रजोनिवृत्तीनंतर आणखी सैल पडले, शिवाय जुनाट खोकल्याचा किंवा बद्धकोष्ठाचा ताण पडत राहिला, की अवयव योनिमार्गात उतरू लागतात. यालाच अंग बाहेर येणे म्हणतात. अनेक स्त्रिया संकोचापायी हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढतात, याचे फार वाईट वाटते.

त्रास नसेल, तर शस्त्रक्रिया करायलाच हवी असे नाही. त्या स्नायूंच्या व्यायामाने किंवा योनिमार्गात बसवायच्या पेसरीनेही (आधार देणाऱ्या कडीनेही) अनेकींचे भागते.

शस्त्रक्रिया म्हणजे गर्भपिशवी काढणे, असा सर्वसाधारण समज आहे. वास्तविक दोष पिशवीत नसून तिच्या आधारात असतो. त्यामुळे पिशवी काढताना योनीचे वरचे टोक पक्के बांधले नाही, तर काही वर्षांनी तेच खाली येऊ शकते. हे टोक बांधण्याची एक रीत म्हणजे सॅक्रोस्पायनस फिक्सेशन, म्हणजे ते श्रोणीतल्या (ओटीपोटाच्या हाडांच्या कड्यातल्या) सॅक्रोस्पायनस नावाच्या अस्थिबंधाला शिवणे. त्यात टाका श्रोणीच्या हाडाच्या काट्यापासून सुमारे २ सेंटिमीटर आतल्या बाजूला घेतात, कारण काट्याच्या मागूनच महत्त्वाची नस आणि रक्तवाहिन्या जातात. नंतर काही आठवडे नितंबात दुखू शकते, याची कल्पना रुग्णाला आधीच द्यावी.

दुसरी रीत सॅक्रोकोल्पोपेक्सी: पोटातून, बहुधा दुर्बिणीने, जाळीच्या पट्टीने योनीचे टोक माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जोडतात. हा आधार अधिक टिकतो, मात्र शस्त्रक्रिया मोठी असते. योनिमार्गातून बसवायच्या जाळीची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या आजारासाठी तिची विक्री २०१९ मध्ये थांबवायला लावली.

मूल हवे असलेल्या तरुण स्त्रीची पिशवी राखून तिला आधार देता येतो. डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रिया याच जातीच्या आहेत.

वय झालेल्या, मोठी शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या स्त्रीसाठी योनिमार्ग शिवून बंद करण्याचा पर्याय आहे; फ्रेंच शल्यविशारद लेफोर यांनी ती पद्धत १८७७ मध्ये मांडली. मात्र त्यानंतर शरीरसंबंध शक्य नसतो. ते तिला एकटीला, स्पष्ट शब्दांत सांगून तिची संमती घेतली पाहिजे. घरच्यांचा होकार त्याला पुरत नाही.