सातभाईंच्या घरातला पावशा

मृगाची पहिली सर पडून गेलीय. चोपड्याच्या काळ्या रानात सऱ्या पडल्यात, बाया कपाशी टोकतायत. आणि बांधावरच्या निंबावरून तो सुरू झालाय: पेरते व्हा... पेरते व्हा... दर खेपेला सूर आणखी वर. आता गळा फुटतो की काय असं वाटावं, तर एकदम गप्प. मग पुन्हा पहिल्यापासून.

हा पावशा. शेतकऱ्याला वाटतं, आपल्यालाच सांगतोय. त्याला पेरणीचं काय सोयरसुतक! हद्द राखायची आणि मादीला बोलवायचं, एवढाच त्याचा मतलब.

आता खाली बघा. पाचोळा उलथत, एकमेकांवर कलकलत चाललेत ते सातभाई. पावशाची मादी यांच्याच घरट्यात निळं अंडं टाकून निघून जाते. सातभाईंची अंडीही निळीच. पिल्लू वाढतं ते त्यांनी भरवलेल्या अळ्यांवर, दिवसभर त्यांचाच कलकलाट ऐकत. तरी मोठा झालेला नर 'पेरते व्हा'च म्हणतो, आणि मादी त्याच हाकेला येते.

पावशा कोकीळकुळातला. या कुळातल्या पक्ष्यांना हाक शिकावी लागत नाही, ती उपजतच असते. ओळखीचंही तसंच असावं. अमेरिकेतला काऊबर्ड असाच परक्या घरात वाढतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्याच्या सहा दिवसांच्या पिल्लांना निरनिराळ्या पक्ष्यांचे आवाज ऐकवले. आपल्या जातीचा आवाज आला की ती जास्त वेळा चोची वासत.

हाकेतलं नेमकं काय ओळखू येतं? इंडिगो बंटिंग या चिमुकल्या निळ्या पक्ष्याच्या गाण्यातल्या सुरांचा क्रम पक्षी-अभ्यासक स्टीफन एमलेन यांनी उलटापालटा केला आणि ते गाणं नरांना ऐकवलं. नर तरीही चवताळले. सुरांमधलं अंतर बदललं, तेव्हा मात्र ते थंडावले. म्हणजे क्रमापेक्षा ठेका महत्त्वाचा.

सातपुड्यात माणसंही याच ओळखीचा आधार घेतात. पिंगळा आणि रानपिंगळा ही छोटी घुबडं दिसायला जवळजवळ सारखी, हाक मात्र वेगळी. शंभरावर वर्षं बेपत्ता असलेला रानपिंगळा नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला. आता त्याचा शोध घेणारे सागवानात त्याची हाक वाजवतात आणि उत्तराची वाट बघतात. फार वेळ वाजवायची नसते. हद्दीत परका नर घुसला असं समजून तो खरंच भांडायला येतो.