हदीस सांगणाऱ्याची पारख

श्रोतेहो, नमस्कार. प्रेषित मुहम्मदांची वचने आणि त्यांचे आचरण यांविषयीच्या कथनांना हदीस म्हणतात. ती कोणी कोणाकडून ऐकली, याची नावानिशी साखळी तिच्या आरंभी दिलेली असते, हीच इस्नाद. या साखळीतील माणसे पारखण्याचे जे शास्त्र मुस्लिम विद्वानांनी उभे केले, त्यातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की कोणी केवळ धर्मपरायण आहे म्हणून त्याचे कथन त्यांनी ग्राह्य धरले नाही.

इराकमधील बसऱ्याचे हदीस-परीक्षक याह्या अल-कत्तान यांनी तर स्पष्टच सांगितले, की सज्जन माणसे हदीसच्या बाबतीत जितके खोटे बोलताना आढळतात तितके अन्य कशातही नाही. त्यांच्या तोंडून असत्य नकळत निघते, असा खुलासा ‘सहीह मुस्लिम’ या हदीससंग्रहाचे कर्ते इमाम मुस्लिम यांनी पुढे केला. म्हणूनच सचोटीइतकीच स्मरणशक्तीचीही कसोटी लागे.

ती कशी, ते पाहा. नवव्या शतकातील बगदादचे परीक्षक याह्या इब्न मईन इराकमधीलच कूफा येथे अबू नुऐम या हदीस-कथनकर्त्यांकडे गेले. सोबत असलेले विद्वान अहमद इब्न हंबल ‘हे विश्वासू आहेत, परीक्षा नको’ असे सांगत असतानाही इब्न मईन यांनी अबू नुऐम यांच्या तीस हदीस लिहून घेतल्या आणि दर दहांनंतर एक परकी हदीस घुसडून ते सारे त्यांना वाचून दाखवले. अबू नुऐम यांनी प्रत्येक परकी हदीस अचूक ओळखली, डाव ध्यानात येताच इब्न मईन यांना लाथ मारली आणि ते घरात निघून गेले. ती लाथ आपल्याला साऱ्या प्रवासापेक्षा प्रिय आहे, असे इब्न मईन म्हणाल्याचे सांगतात.

नात्यागोत्याचीही भीड नव्हती. अली इब्न अल-मदीनी या परीक्षकांना त्यांच्या वडिलांविषयी विचारले, तेव्हा ‘हा धर्माचा प्रश्न आहे’ असे म्हणून त्यांनी वडिलांना दुर्बल कथनकर्ता ठरवले.

मात्र हे निर्णय सरसकट नसत. इजिप्तचे काझी इब्न लहीआ यांची पुस्तके जळाल्यानंतर त्यांच्या कथनांत गोंधळ होऊ लागला, असे अनेक परीक्षकांनी नोंदवले. त्यामुळे इब्न अल-मुबारक यांच्यासारख्या जुन्या शिष्यांनी त्यांच्याकडून त्याआधी ऐकलेले अधिक भरवशाचे मानले गेले. एकाच माणसाविषयीची अशी परस्परविरोधी मते पंधराव्या शतकातील विद्वान इब्न हजर यांनी आपल्या ‘तहझीब अल-तहझीब’ या चरित्रकोशात शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि तो कोश विसाव्या शतकाच्या आरंभी बारा खंडांत छापला गेला तो हैदराबादेत, म्हणजे आपला मराठवाडा ज्या संस्थानात होता त्याच्या राजधानीत.