दुखत नाही, म्हणून…

(किडनी प्रत्यारोपण झालेले रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांसमोर एका त्वचारोगतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पिशवीत आत्ता टॅक्रोलिमसच्या, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या असतील. वेळ झाली की घ्या, माझं संपायची वाट पाहू नका.

किडनी बसवून दोन वर्षं झालेले एक शेतकरी माझ्याकडे जांघेतलं गजकर्ण दाखवायला आले. तपासताना नजर खाली गेली, तर घोट्याजवळ सुपारीएवढी गाठ. "ही कधीपासून?" "असंल सहा-सात म्हैने. दुखत न्हाई, म्हनून बोललो न्हाई." तिथं बाभळीचा काटा मोडला होता, एवढं त्यांना आठवत होतं. गाठीत निघाली काळ्या रंगाची बुरशी, कोविडच्या काळात गाजलेली 'काळी बुरशी' नव्हे. ही माती, कुजका पाला, लाकूड यांत राहते आणि काट्याबरोबर कातडीखाली शिरते.

आता ते 'दुखत न्हाई' घ्या. गजकर्णाची लाली, सूज, खाज यांतलं बरंचसं बुरशी करत नाही, आपलंच शरीर करतं. खाज म्हणजे राखणीच्या कुत्र्याचं, आपल्या प्रतिकारशक्तीचं, भुंकणं. तुमच्या घरी आलेल्या नव्या पाहुण्याला, म्हणजे किडनीला, तो चावू नये म्हणून त्याला रोज या गोळ्यांची गुंगी देऊन ठेवलीय. मग चोर आला तरी तो भुंकणार कसा? (1954 साली बॉस्टनमधलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांत झालं. पाहुणा घरचाच होता, गुंगीची गरजच पडली नाही.) म्हणून तुमच्या अंगावरचं गजकर्ण फिकट दिसतं, कडा पुसट असतात, आणि पसरतं मात्र हातभर.

गंमत बघा, सायक्लोस्पोरिन हे याच कुत्र्याला गुंगी देणारं आणखी एक औषध मिळालं ते बुरशीतूनच. नॉर्वेतल्या एका पठारावरच्या मातीत ती बुरशी सापडली. स्विस कंपनी नवं अँटिबायोटिक शोधत होती. हाती लागलं हे.

दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणणाऱ्यांना मी रागावतो, आज इथेही रागावणार आहे. त्यातल्या अनेक ट्यूबांत कडक स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि बुरशी आत मजेत वाढते. शिवाय आपल्याकडचं गजकर्ण आता जुनं राहिलेलं नाही. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात जपानी संशोधकांनी 2020 साली वेगळी ओळखली, नेपाळी आणि भारतीय रुग्णांच्या नमुन्यांतून. तिच्यातल्या बऱ्याच बुरश्यांवर टर्बिनाफिन हे गजकर्णाचं नेहमीचं औषध लागू पडत नाही.

मग डॉक्टर इट्राकोनाझोल या बुरशीवरच्या दुसऱ्या गोळीकडे वळतात, आणि तुमच्यासाठी खरी मेख इथे आहे. इट्राकोनाझोल, फ्लुकोनाझोल ही मंडळी लिव्हरमधल्या टॅक्रोलिमस जिरवणाऱ्या यंत्रणेलाच अडवतात. टॅक्रोची रक्तातली लेव्हल चढते, हात थरथरतात, किडनीचं काम मंदावल्याचं सांगणारं क्रिएटिनिन वाढतं. म्हणून टॅक्रोचा डोस कमी करून वारंवार लेव्हल बघावी लागते. हे निदान काही जणांना ठाऊक असतं. विसरतात ते पुढचं: बुरशीची गोळी थांबली की अडसर निघतो, लेव्हल घसरते, आणि कमी केलेला डोस तसाच राहिला तर शरीर किडनी नाकारू शकतं. तेव्हा गोळी सुरू करताना आणि बंद करताना, दोन्ही वेळा किडनीच्या डॉक्टरांना फोन. पपनससुद्धा हाच उद्योग करतं, तेही टाळा.

गाठीचा तुकडा तपासायला काढला, तर एक प्रश्न बिनदिक्कत विचारा: सगळा फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे तुकडा टिकवायच्या रसायनात, टाकला का? फॉर्मेलिनमध्ये बुरशी मरते, मग ती वाढवून तिची जात ओळखता येत नाही. एक भाग सलाइनमध्ये वेगळा गेला पाहिजे.

त्या शेतकऱ्यांची गाठ पूर्ण काढली, वर काही महिने गोळ्या, टॅक्रोच्या लेव्हल बघत. टाके काढायला आले तेव्हा जाता जाता दारात थांबले. म्हणाले, "डॉक्टर, आन् माझ्या गजकर्नाचं काय?"