लिग्नाइटच्या खाणीवरचं कुरण

[दृश्य: पूर्व टेक्सास. गुडघाभर गवतात चरणारी गुरं, मागे तळं.]

हे कुरण ज्या मातीवर उभं आहे, ती माती एकदा मुळापासून उलटीपालटी झालेली आहे.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात फेअरफिल्ड गावाजवळ बिग ब्राउन नावाचं वीजकेंद्र होतं. १९७१ साली ते सुरू झालं, २०१८ मध्ये बंद पडलं. त्याला लागणारं लिग्नाइट, म्हणजे कोवळा तपकिरी कोळसा, शेजारच्याच जमिनीखाली होता. या भागातली बहुतेक जमीन खाजगी मालकीची. कंपन्या काही जमीन विकत घेतात, काही भाडेपट्ट्यानं. भाडेपट्ट्यानं दिली, तर कोळसा निघाल्यावर मालक जमीन परत मागणार. परत म्हणजे कशी? गुरं चरतील अशी. या माणसांचा धंदाच मुळी गाई-वासरांचा.

[दृश्य: जुनं छायाचित्र. ड्रॅगलाइन, मातीचे वरंबे.]

ड्रॅगलाइन हे अवाढव्य यंत्र जमीन पट्ट्यापट्ट्यानं उकरतं. नव्या पट्ट्याची माती मागच्या रिकाम्या चरात पडते. कोळसा निघून जातो आणि मागे मातीच्या डोंगररांगा राहतात. कायदा नव्हता तेव्हा अमेरिकेत कित्येक ठिकाणी खाणवाले त्या तशाच टाकून निघून गेले.

टेक्सासनं १९७५ साली आपला कायदा केला. ऑगस्ट १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी साऱ्या देशासाठीच्या कायद्यावर सही केली. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी तरतूद पैशाची आहे. खणायला परवानगी मिळण्याआधीच कंपनीनं हमी रक्कम बांधून द्यायची. खड्डे भरून, उतार नीट करून, पाण्याच्या वाटा लावून झाल्या, की फार तर ६० टक्के हमी सुटते. हिरवळ धरली की आणखी काही. उरलेली अगदी शेवटी. कंपनी मध्येच बुडाली, तरी जमीन दुरुस्त करायला पैसा हाताशी असावा, हा त्यामागचा हिशेब.

[दृश्य: माती हातात चुरणारा माणूस.]

आता मातीकडे येऊ, कारण खरी कसोटी तिथंच आहे.

खोलवरच्या थरांत पायराइट असतं, लोह आणि गंधकाचं खनिज. जमिनीखाली ते निवांत पडून असतं. वर आलं, हवा-पाणी लागलं, की त्यातून गंधकाचं आम्ल सुटतं आणि तिथं काहीच उगवत नाही. म्हणून खणण्याआधीच भोकं पाडून प्रत्येक थर तपासायचा, वाईट माती खाली गाडायची आणि वरच्या चार फुटांत चांगलीच माती राहील असं बघायचं. दुसरा शत्रू म्हणजे त्या अवजड यंत्रांचं वजन. ओल्या मातीवर ती फिरली की जमीन ठोकल्यासारखी घट्ट होते, मुळं आत शिरत नाहीत.

पण इथं एक अनपेक्षित गोष्टही आढळली. या भागातली मूळ वरची माती बरीचशी रेताड, कस कमी, आणि तिच्याखाली पाणी अडवणारा चिकणमातीचा थर. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं, की नीट निवडलेली खालची मिश्र माती पाणी जास्त धरते आणि गवताला अधिक मानवते. मूळ मातीइतकी किंवा तिच्याहून चांगली ठरली, तर अशी माती वर वापरायला कायदाही परवानगी देतो.

[दृश्य: हरळीच्या कांड्या लावणारं यंत्र.]

त्या मातीवर लावतात कोस्टल बर्म्युडा. ही आपल्या हरळीचीच संकरित बहीण. आपला शेतकरी जी वावरातून खणून खणून काढतो, आणि जी दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो, तीच. ग्लेन बर्टन यांनी जॉर्जियातल्या टिफ्टन इथं हा वाण तयार केला आणि १९४३ साली तो शेतकऱ्यांच्या हाती आला. त्याचं बी धरत नाही, त्यामुळे कांड्याच लावायच्या. या नव्या मातीत सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो, म्हणून नत्राची भूक मोठी. थंडीत त्यातच क्रिमसन क्लोव्हर पेरतात. हा बरसीम या चाऱ्याच्या पिकाच्या जातकुळीतला, हवेतलं नत्र जमिनीत आणणारा.

मग सुरू होतं उरलेली हमी सुटण्याची वाट पाहणं. पावसाच्या या भागात पाच वर्षं, कोरड्या भागात दहा. पुन्हा पेरावं लागलं, तर मोजणी पहिल्यापासून. पहिलं वर्ष सोडून कोणत्याही दोन वर्षांत गवताचं आच्छादन आणि उत्पादन ठरलेल्या पातळीच्या किमान ९० टक्के भरलं पाहिजे. तपासणी करतं टेक्सासचं रेलरोड कमिशन. नाव रेल्वेचं असलं तरी तेल, वायू आणि कोळशाच्या खाणी हेच बघतं. गाळ अडवायला बांधलेली तळी मालकाला हवी असतील, तर मंजुरी घेऊन गुरांच्या पाण्यासाठी ठेवता येतात.

एक उणीव सांगायलाच हवी. मैलोगणती एकच गवत म्हणजे गुरांची सोय, पण बॉबव्हाइट लाव्यासारख्या पक्ष्यांना तिथं ना आडोसा, ना दाणा. देशी गवतं आणि झाडं मिसळून लावणं महाग पडतं, वेळ खातं, पण तेच योग्य.

[दृश्य: चंद्रपूर, इरई नदीकाठचे मातीचे ढिगारे.]

आपल्या चंद्रपूर-वणी पट्ट्यातही उघड्या खाणी आहेत. इथं जमीन १९५७ च्या कोळसाक्षेत्र कायद्यानं सरकारजमा होते आणि सातबाऱ्यावरून शेतकऱ्याचं नाव जातं. खाण संपल्यावर ‘माझं कुरण कुठं?’ असं हक्कानं विचारणारा मालकच उरत नाही. ढिगाऱ्यांवर झाडं लावली जातात, पण टेक्सासमध्ये कंपनीच्या मागे लागणारा जो धनी असतो, तो इथं नसतो.

[दृश्य: गवताचे गोल भारे.]

हमी सुटली, की टेक्सासच्या मालकावर पुढची जबाबदारी येते. दरवर्षी गवत कापून विकलं, तर भाऱ्यांबरोबर नत्र, स्फुरद, पालाशही शेताबाहेर जातं. गुरं चारली, तर बरंचसं शेणामुतातून परत येतं. म्हणून माती तपासून घ्यायची, आम्लता वाढली तर चुनखडी टाकायची, आणि गुरं एकाच तुकड्यावर न ठेवता पाळीपाळीनं फिरवायची.