दर्शनी भागात लावावा

[दृश्य : नारायण पेठेतील छापखाना. सनबोर्डावर जाळीची चौकट बसते.]

सनबोर्डाच्या पांढऱ्या तक्त्यावर जाळीची चौकट बसवून, वर निळी शाई ओतून रबरी पट्टी एका दमात खाली ओढली, की तक्त्यावर अक्षरे उमटतात : कामाचे तास, साप्ताहिक सुट्टीचा वार, पगाराची तारीख, निरीक्षकाचे नाव व पत्ता. पुण्याच्या पेठांमधील छापखान्यांत लग्नपत्रिका आणि बिलबुकांच्या बरोबरीने हे कामही होत असते. चाकण, भोसरी, रांजणगाव येथील कारखान्यांच्या भिंतींवर जे फलक दिसतात, त्यांचा प्रवास अशाच एखाद्या टेबलापासून सुरू होतो. त्यांवरील मजकूर मालकाने सौजन्य म्हणून लिहिलेला नाही. तो लिहून लावणे कायद्याने त्याच्यावर बंधनकारक केलेले आहे.

कारागिराने आता हातात घेतलेला तक्ता किमान वेतनाचा आहे. डावीकडे कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे वर्ग आहेत आणि त्यांच्यापुढे मूळ वेतन, विशेष भत्ता व एकूण रक्कम असे रकाने आखलेले आहेत. विशेष भत्त्याचा रकाना मुद्दाम कोरा ठेवला आहे. महाराष्ट्रात हा भत्ता महागाईच्या निर्देशांकाप्रमाणे दर सहा महिन्यांनी, म्हणजे जानेवारीत आणि जुलैत, नव्याने ठरतो. त्यामुळे एकदा छापून भिंतीवर ठोकला की या फलकाचे काम संपत नाही. वर्षातून दोनदा कोणीतरी मार्कर घेऊन त्याच्यासमोर उभे राहावे लागते. तसे कोणी उभे राहते किंवा नाही, यावरून त्या कारखान्याविषयी पुष्कळ काही कळते.

[दृश्य : जुनी छायाचित्रे. गिरणी, भोंगा, कामगारांचा लोंढा.]

पगाराची तारीख आणि सुट्टीचा वार आज फलकावर सहज वाचता येतात, म्हणून त्या सहज मिळाल्या असे कोणी समजू नये. नारायण मेघाजी लोखंडे यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक विचारात घडलेल्या या कार्यकर्त्याने, कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधू’ हे पत्र १८८० मध्ये मुंबईला नेले आणि गिरणी कामगारांची गाऱ्हाणी त्यातून मांडली. १८८४ मध्ये सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवण्यात आले. आठवड्यातून रविवारची सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे आणि महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हाती पडावा, अशा त्यातील मागण्या होत्या. रविवारची सुट्टी पदरात पडायला १० जून १८९० उजाडावे लागले. आज छापखान्यात वाळत ठेवलेल्या तक्त्यावरील ओळी या निवेदनाच्या शेजारी ठेवून वाचाव्यात. बहुतेक मागण्यांसाठी त्यावर एकेक रकाना सापडतो.

[दृश्य : भोसरी औद्योगिक वसाहत. सकाळची पाळी आत शिरत आहे.]

भोसरीतील हे फाटक बघा. पहिल्या पाळीचे कामगार पंचिंग मशीनवर बोट ठेवून आत जात आहेत. फलक कोठे असावा, हे १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने नेमके सांगितले होते : मुख्य प्रवेशद्वाराशी किंवा त्याच्याजवळ, दर्शनी व सोयीच्या जागी, स्वच्छ आणि वाचता येईल अशा स्थितीत, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या शर्ती व नियमांच्या, कायद्याने तर बहुसंख्य कामगार ज्या दाराने आत येतात, त्या दारापाशीच खास फलक असावा असे म्हटले होते. साहेबांची गाडी ज्या दाराने येते ते दार कायद्याला अभिप्रेत नव्हते, ही बारकाई लिहिणाऱ्याच्या शहाणपणाची साक्ष आहे.

आता त्याच वसाहतीतील दुसऱ्या एका कारखान्याचा फलक पाहा. तो टाइम ऑफिसच्या आत, कपाटामागच्या भिंतीवर आहे. काचेला कुलूप आहे, काचेवर तेलकट धुळीचा थर आहे आणि आतील कागद पिवळा पडून त्याची एक कड दुमडली आहे. निरीक्षकाच्या नावाची जागा रिकामी आहे. संपूर्ण मजकूर बारीक इंग्रजी टायपात आहे. या शॉपमध्ये यंत्रांवर उभे असलेले कामगार मराठवाड्यातून आले आहेत, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आले आहेत, आणि त्यांपैकी बरेच जण ठेकेदाराच्या हजेरीपटावर आहेत. तपासणीच्या दिवशी हा फलक भिंतीवर आहे एवढे दाखवता येईल. ज्याच्यासाठी तो आहे त्याला मात्र तो वाचता येणार नाही. आमच्या मते हे फलक न लावण्यासारखेच आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कामगार कायद्यांच्या जागी चार श्रम संहिता लागू झाल्या, तरीही फलक गेलेला नाही. वेतन संहितेच्या ५० व्या कलमानुसार संहितेचा गोषवारा, वर्गवार वेतनदर, वेतनाचा कालावधी, पगाराचा दिवस व वेळ आणि निरीक्षक-सुविधाकाराचे (पूर्वीच्या निरीक्षकाचे संहितेतील नाव) नाव व पत्ता ठळक जागी लावावा लागतो. बाळंतपणाच्या लाभांचा गोषवारा तर स्थानिक भाषेत, आणि आस्थापनेच्या ज्या ज्या भागात स्त्रिया काम करतात त्या प्रत्येक भागात लावायचा असतो.

[दृश्य : खराडी, काचेची इमारत. पँट्रीच्या भिंतीवरील चौकट.]

खराडीतील या कार्यालयात पँट्रीच्या दारालगत लावलेली चौकट २०१३ च्या कायद्याची आहे. कामाच्या ठिकाणी स्त्रियांचा लैंगिक छळ केल्यास काय शिक्षा होते ते, आणि अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती नेमल्याचा आदेश, दर्शनी भागात लावणे हे दहा किंवा अधिक माणसे कामास असलेल्या प्रत्येक मालकाचे कर्तव्य आहे. चौकट सुबक आहे, समितीच्या अध्यक्षबाईंचे नाव व दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत आहे. परंतु सगळा मजकूर इंग्रजीत आहे, आणि तिच्याखाली कप विसळणाऱ्या मावशी कंत्राटावर आहेत. या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे त्याही कर्मचारीच आहेत आणि तक्रार करण्याची तीन महिन्यांची मुदत त्यांनाही आहे. मराठीतील दुसऱ्या चौकटीला भिंतीवर पुरेशी जागा आहे.

या कायद्याचे पालन न केल्यास ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

[दृश्य : चाकण. जेवणघराच्या रांगेशेजारील फलक.]

चाकणच्या या कारखान्याने वेतनदरांचा फलक जेवणघराच्या रांगेला लागून, डोळ्यांच्या उंचीवर बसवला आहे. मराठीशेजारी हिंदी मजकूर आहे, आणि विशेष भत्त्याच्या रकान्यात चालू सहामाहीचा आकडा ठळक मार्करने भरलेला आहे. ताट हाती येईपर्यंत रांगेत उभे राहावेच लागते, त्यामुळे फलकासाठी मुद्दाम न थांबताही तो वाचला जातो. एक तरुण खिशातील वेतनचिठ्ठी उलगडून तिच्यावरील आकडा अकुशल वर्गाच्या ओळीशी ताडून पाहत आहे. ठेकेदाराने दिलेली रक्कम कमी भरली, तर वेतन संहितेखाली दावा करण्यासाठी त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि निरीक्षक-सुविधाकाराचे नाव व पत्ता त्याच फलकाच्या शेवटच्या ओळीत लिहिलेला आहे.