गैरसोयीचं बुकिंग

श्रोतेहो, नमस्कार.

लॉजवर उतरलं की आपण आधी काय बघतो? गीझर चालतो का, खिडकी कुठे उघडते, दाराची कडी नीट लागते का. आज ज्या हॉटेलांबद्दल बोलणार आहे तिथे यातलं काहीतरी हमखास नसतं. आणि ते नसल्याचेच पैसे घेतात!

स्वीडनच्या उत्तर टोकाला, किरुना शहराजवळ युक्कसयार्वी नावाचं गाव आहे. आर्क्टिक वर्तुळाच्याही सुमारे 200 किलोमीटर वर. उन्हाळ्यात इथल्या टोर्ने नदीत होड्या हाकायला माणसं यायची. हिवाळ्यात मात्र चिटपाखरू फिरकायचं नाही. इंग्वे बेर्यक्विस्ट या तिथल्या पर्यटन व्यावसायिकाने विचार केला, की थंडी, अंधार आणि बर्फ एवढंच आपल्याकडे भरपूर आहे, तर तेच का विकू नये? 1990 मध्ये तिथे एका मोठ्या इग्लूत कलाप्रदर्शन भरलं. राहायला जागा न मिळालेल्या काही पाहुण्यांनी रेनडिअरची कातडी अंथरली, स्लीपिंग बॅगेत शिरले आणि त्या इग्लूतच रात्र काढली. सकाळी चांगले खुशीत उठले. झालं, धंद्याची वाट सापडली.

तेव्हापासून दर हिवाळ्यात ‘आइसहोटेल’ नव्याने उभं राहतं. मार्चच्या सुमारास नदीचा बर्फ काचेसारखा स्वच्छ असतो. तेव्हा करवतीने त्याचे मोठमोठे ठोकळे कापून काढतात, उन्हाळाभर शीतगृहात सांभाळतात, आणि थंडी पडली की देशोदेशीचे कलाकार येऊन त्यातून खोल्या घडवतात. वसंतात सगळं वितळतं आणि पाणी पुन्हा नदीला मिळतं. म्हणजे मागच्या वर्षीचीच खोली द्या, असं इथे कोणाला म्हणता येत नाही.

आता तिथल्या रात्रीचं सांगतो. दिवसभर तुमची खोली तुमची नसतेच, तिकीट काढून आलेले लोक ती बघत फिरत असतात. तुमचं सामान शेजारच्या गरम इमारतीत. खोलीत तापमान उणे 5 ते उणे 8. बाहेर उणे 30 असेल तर यालाच ऊब म्हणायची! बर्फाचा ओटा, त्यावर गादी, गादीवर कातडी, त्यावर स्लीपिंग बॅग आणि तिच्यात तुम्ही. जाणकारांचा सल्ला असा, की कपड्यांवर कपडे चढवू नका, घाम आला की तोच गार पडतो. कानटोपी मात्र हवीच. सकाळी घालायचे मोजे आपल्याबरोबर बॅगेतच घेऊन झोपा. आणि निजताना चहाचा मोह टाळा, कारण संडासही त्या गरम इमारतीतच आहे. रात्री दोन वाजता ऊबदार बॅगेची चेन खाली ओढायची की तशीच पहाट गाठायची, हा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. सकाळी कर्मचारी उठवायला येतात ते लिंगनबेरी या आंबटगोड रानफळाचा वाफाळता रस घेऊन.

2016 पासून तिथे बारमाही बर्फाची इमारतही झाली आहे. उन्हाळ्यात तिथे सूर्य मावळत नाही, आणि त्याच सूर्याच्या विजेवर बर्फ राखला जातो. डोकं अफाटच, पण मला विचाराल तर न वितळणाऱ्या खोलीत ती गंमत नाही.

याच देशात व्हेस्टेरोस शहराजवळच्या मेलारेन सरोवरात मिकाएल गेनबेरी या कलाकाराने 2000 साली ‘उटर इन’ तरंगतं केलं. उटर म्हणजे पाणमांजर. वर स्वीडिश खेड्यात असतं तसं लाल रंगाचं, पांढऱ्या कडांचं चिमुकलं घर. आत शिडी उतरून गेलं की पाण्याखाली 3 मीटरवर झोपायची खोली. होडीने आणून सोडणारा निघून जायचा आणि काचेपलीकडून मासे तुम्हाला बघायला यायचे. या गृहस्थांना लाल घराचं इतकं वेड, की तसलंच एक चंद्रावर ठेवायचं त्यांनी मनात घेतलं. पंचवीसेक वर्षं त्याचा पाठपुरावा केला, आणि शेवटी बोटभर उंचीचं ते घर एका जपानी कंपनीच्या यानातून निघालंही. जून 2025 मध्ये ते यान चंद्रावर उतरता उतरता आदळलं.

स्वित्झर्लंडमध्ये अणुयुद्धाच्या भीतीने गावोगाव भूमिगत निवारे बांधलेले. युद्ध झालं नाही, निवारे पडून राहिले. फ्रांक आणि पाट्रिक रिक्लिन या जुळ्या कलाकार भावांनी 2009 मध्ये टॉयफेन गावातल्या अशाच एका निवाऱ्यात ‘नुल श्टेर्न’, म्हणजे ‘शून्य तारा’ नावाचं हॉटेल काढलं. खिडकी अर्थातच नाही. पुढे तर त्यांनी डोंगरात उघड्यावर नुसता पलंग मांडला. भिंती नाहीत, छप्पर नाही, फक्त दोन बाजूंना दोन दिवे आणि सकाळी नाश्ता घेऊन येणारा गावातलाच माणूस, हातात पांढरे मोजे घालून! हरिश्चंद्रगडाच्या गुहेत कॅरीमॅटवर झोपलेल्या आपल्या ट्रेकर मंडळींना हसू येईल, पण पांढऱ्या मोज्यांतून आलेला चहा त्यांनीही कधी प्यायलेला नसेल.

लात्वियाच्या लिएपाया शहरात कारोस्टाचा जुना नौदल तुरुंग आहे. झारच्या काळातली इमारत, 1997 पर्यंत वापरात होती. आज तिथे पर्यटक आधी संमतिपत्रावर सही करतात, मग पहारेकऱ्याच्या वेषातली माणसं त्यांच्यावर ओरडतात, पळवतात, कोठडीत कोंडतात. हे मला रुचत नाही. ज्या कोठडीत माणसं खरोखर खितपत पडली, तिथे शिव्या खाण्याची हौस कसली? त्यापेक्षा स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना शहराचं ‘त्सेलित्सा’ बरं. तेही लष्करी तुरुंगच होतं, पण कलाकारांनी 20 कोठड्या 20 तऱ्हांनी सजवून 2003 मध्ये तिथे हॉस्टेल केलं. गजांचे दरवाजे ठेवले, ओरडणारे मात्र ठेवले नाहीत.

माझी स्वतःची मजल मात्र ऑस्ट्रियातल्या ओटेन्सहाइमपर्यंतच. लिंत्स शहराजवळ, डॅन्यूब नदीच्या काठी. आंद्रेआस श्ट्राउस या कलाकाराने तिथे सांडपाण्याचे, अर्थात कोरेच, सिमेंटचे पाइप आडवे ठेवून त्यांच्या खोल्या केल्या आहेत. रिसेप्शन नाही. ईमेलवर आकडे येतात, ते दाबले की दार उघडतं. आत दोघांपुरता पलंग, दिवा, ब्लँकेट, आणि डोक्यावर आकाश दिसेल एवढं गोल भोक. “आपल्या गल्लीत महापालिकेने वर्षभर टाकून ठेवलेत ते हेच ना?” बायकोने विचारलं. मी उत्तर दिलं नाही. पाइपात कूस बदलली तरी आवाज घुमतो हे रात्री कळलं, आणि तिच्या मते माझं घोरणं आयुष्यात पहिल्यांदा स्टीरिओत ऐकू आलं. पहाटे नदीवरून मालवाहू बोट गेली तेव्हा मात्र दोघंही दार उघडून, पाय बाहेर सोडून गुपचूप बसलो होतो.

तिथे भाडं ठरलेलं नाही. जमेल आणि वाटेल तेवढं खोलीत ठेवून निघायचं. मी वीस युरोंची नोट काढली. बायको म्हणाली, “तू हो पुढे, मी ठेवते.” किती ठेवले ते तिने अजून सांगितलेलं नाही.

नमस्कार.