व्यायामानंतरचा पहिला घास

[दृश्य: सकाळचे ७.३०. बागेच्या फाटकाबाहेर उसाच्या रसाची गाडी.]

४५ मिनिटं भरभर चालून झालं, घाम आला, आणि समोरच थंडगार रस. तो ग्लास उचलण्याआधी मांडीच्या स्नायूत डोकावू या.

स्नायू काम करतो तेव्हा ग्लूट-४ नावाची वाहक प्रथिनं पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात आणि रक्तातली साखर आत घेतात. त्यासाठी इन्शुलिन लागत नाही. म्हणूनच ज्या मधुमेहींच्या शरीरात इन्शुलिन नीट काम करत नाही, त्यांचीही साखर चालण्याने उतरते. हा थेट परिणाम काही तासांत ओसरतो. पण ग्लायकोजेनचा, म्हणजे स्नायूत साठवलेल्या साखरेचा, वापरलेला साठा भरून काढायला स्नायू पुढे एखादा दिवस, कधी दोन दिवसही, इन्शुलिनला जास्त चांगली दाद देत राहतो.

व्यायामाची खरी कमाई ही आहे, आणि ती घाईघाईने खाण्यात जाते. साठा लगेच कर्बोदकांनी भरला की हा फायदा लवकर संपतो. इतक्या चालण्यात साधारण १५० ते २०० कॅलरी खर्च होतात. मोठा ग्लास रस आणि प्लेटभर पोहे त्याहून बरंच जास्त देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा लांब पळणाऱ्याला लगेच कर्बोदकं हवीत. रोज चालणाऱ्याला नकोत. त्याने पाणी प्यावं आणि नाश्त्याला दोन अंडी किंवा वाटीभर मोडाच्या मुगाची उसळ, सोबत एक लहान भाकरी घ्यावी.

[दृश्य: ग्लुकोमीटरचा पडदा.]

चढावर धावल्यावर किंवा जड वजनं उचलल्यावर साखर उलट वाढलेली दिसू शकते. जोराच्या श्रमात स्रवणाऱ्या ॲड्रेनॅलिन या संप्रेरकामुळे यकृत रक्तात साखर सोडतं. घाबरून औषध वाढवू नका. तास-दोन तासांनी पुन्हा मोजा.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांना मात्र वेगळा नियम. साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरले, तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन लहान चमचे (टीस्पून) साखर पाण्यातून लगेच घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावी. इथे पेढा किंवा चॉकलेट कामाचं नाही. त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. संध्याकाळी दमदार व्यायाम झाला असेल, तर साखर मध्यरात्रीही पडू शकते, म्हणून झोपण्याआधी मोजावी. असं वारंवार होत असेल तर डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा. रोज जास्तीचं खाऊन पडलेली साखर सावरत राहिलं, तर वजन वाढतं आणि औषधही.